मोठ्या मांजराची पहिली टोचणी



पत्रिकेत आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना गंमत वाटली असेल. वसंत व्याख्यानमाला म्हटली की इतिहास, साहित्य, अर्थकारण, समाजकारण अशा विषयांची आपल्याला सवय. त्यांच्या पंक्तीत एकदम मांजर येऊन बसावे, हे काहीसे चमत्कारिकच. पण मांजराची रीतच अशी आहे. पंक्तीला त्याला कोणी बोलावीत नाही आणि पंगत बसली की ते हजर असते. ज्या प्राण्याला आपल्या स्वयंपाकघरात, कोठीच्या खोलीत आणि निजलेल्या मुलाच्या कुशीत कोणाच्याही परवानगीवाचून शिरता येते, त्या प्राण्याच्या प्रकृतीचा विचार म्हणजे घराच्याच प्रकृतीचा विचार होय. म्हणून हा विषय मी घेतला.

विषयाची मर्यादाही आधीच सांगून टाकतो. मांजराच्या लहान पिलाला डॉक्टरकडे न्यावे, हे अलीकडे पुष्कळांना ठाऊक झाले आहे. मला बोलावयाचे आहे ते मोठ्या झालेल्या मांजराविषयी. दोन वर्षांचे, पाच वर्षांचे, आठ वर्षांचे मांजर. कधी गल्लीतून आले, धाब्यावरून उतरले, ओसरीवर राहिले आणि घरचे झाले. आणि या साऱ्या काळात ज्याच्या अंगाला सुई म्हणून लागली नाही. अशा मांजराला आता लस टोचावी काय? टोचली तर उपयोग होतो काय? ती कशी आणि केव्हा टोचावी? आणि लसीने काय साधते व काय साधत नाही? एवढेच चार प्रश्न आज आपण पाहू.

प्रथम आपले आणि मांजराचे नाते काय आहे, ते पाहिले पाहिजे. आपला हा वऱ्हाड धान्याचा आणि कापसाचा मुलूख. ज्वारीच्या कणग्या, तुरीची पोती, सरकीचे ढीग, म्हणजे उंदरांना वर्षभराचे आमंत्रण. तेव्हा आपल्याकडे मांजर शोभेसाठी आले नाही, कामासाठी आले. दूध-भाकरीच्या चतकोरावर कोठाराची राखण करणारा नोकर म्हणून आपण त्याला ठेवून घेतले.

या नोकरीची एक हकीकत आपल्या वऱ्हाडातलीच आहे आणि ती पुष्कळांना माहीत नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईला मांडवी भागात प्लेगचा पहिला रोगी डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ओळखला. मांडवी म्हणजे बंदराजवळची गोदामांची वस्ती. धान्य तेथे, उंदीर तेथे आणि रोगही तेथेच, हा योगायोग नव्हता. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीस प्रयोग करून दाखविले की, प्लेग उंदराच्या अंगावरच्या पिसवांवाटे पसरतो. ही गोष्ट लोकांना एकदम पटली नाही. परंतु पुढे पटली. प्लेग गावोगाव पसरला आणि वऱ्हाडातही आला. त्या काळी अमरावतीस लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्यूकॅनन नावाचे सिव्हिल सर्जन होते. त्यांनी गावागावांतून मांजरे मोजविली! कोणत्या गावात घरे किती, मांजरे किती आणि प्लेग किती, असा हिशेब मांडला. आणि जेथे घरांच्या मानाने मांजरे भरपूर तेथे प्लेगाचा जोर कमी, असा निष्कर्ष काढून मांजर हे प्लेगाचे निवारण करणारे जनावर आहे, असे १९०८ च्या सुमारास वैद्यकीय नियतकालिकांतून हिरिरीने मांडले. त्यांच्या हिशेबात कच्चे दुवे असतील. पण आपल्या आज्या-पणज्यांना जे व्यवहाराने कळले होते, ते एका डॉक्टराने आकड्यांत बसविण्याचा प्रयत्न केला एवढे खरे.

आता त्याच काळातली दुसरी गोष्ट पाहा. मुंबईत डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगाची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. म्हणजे त्या संकटात माणसाच्या वाट्याला लस आली आणि मांजराच्या वाट्याला काम आले. आज आपल्याला हेही कळले आहे की, प्लेगाचा उंदीर खाल्ला तर मांजरालाही प्लेग होतो, आणि त्याच्यापासून तो माणसाला लागू शकतो. म्हणजे ज्याला आपण पहाऱ्यावर ठेवले, तो पहारेकरी स्वतः उघड्या अंगाने उभा होता. प्लेग आता आपल्या दारात नाही. परंतु राखणदाराची राखण कोणी करावयाची हा प्रश्न तेव्हा सुटला नाही, आणि शेकडा नव्वद घरांतून आजही कोणी तो विचारीत नाही.

आज दारात कोणते रोग आहेत? दोन प्रकारचे आहेत. एक, जो मांजराला होतो आणि त्याच्यापासून माणसाला होतो. दुसरे, जे केवळ मांजरांचेच आहेत.

पहिल्यात मुख्य रोग म्हणजे पिसाळण्याचा, ज्याला आपण आता सर्रास रेबीज म्हणतो. पिसाळलेले कुत्रे आपल्याला माहीत आहे. पिसाळलेले मांजर म्हटले की लोक हसतात. हसण्यासारखे त्यात काही नाही. पिसाळलेले कुत्रे, कोल्हा किंवा मुंगूस मांजराला चावले तर रोग त्याच्यात उतरतो. मग ते अंधारात दडून बसते, आवाज बदलतो, ओळखीच्या माणसावर अकारण झेप घेते. किंवा उलट, एरव्ही जवळ न येणारे मांजर अंगाशी येते. मांजराचे दात बारीक आणि तीक्ष्ण. जखम वरून सुईच्या टोकाएवढी दिसते आणि आत खोल जाते. म्हणूनच ती दुर्लक्षिली जाते. शिवाय मांजर सदा पंजे चाटते, तेव्हा त्याचा ओरखडाही निर्धास्तपणे सोडून देण्यासारखा नसतो.

या रोगाचे भयंकरत्व थोडक्यात सांगतो. विष शिरल्यापासून रोग दिसेपर्यंत बहुधा काही आठवडे ते काही महिने जातात. तेवढ्या अवधीत वेळेवर उपचार केले तर माणूस वाचतो. एकदा लक्षणे उमटली की मग जगातला कोणताही दवाखाना हात टेकतो. आपल्या देशात या रोगाने किती माणसे दगावतात, याची भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२२-२३ मध्ये पाहणी केली. तीवरून वर्षाला सुमारे ५,७०० मृत्यूंचा अंदाज निघाला. आकडा पूर्वीच्या अंदाजांपेक्षा पुष्कळ कमी आहे, ही समाधानाची गोष्ट. परंतु यातला जवळजवळ प्रत्येक मृत्यू टाळता येण्यासारखा होता, ही समाधानाची गोष्ट नव्हे.

लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी कुत्रा चावलेल्या नऊ वर्षांच्या एका मुलाला लस टोचण्यास प्रारंभ केला आणि मुलगा वाचला. आपल्या देशात १९०० साली कसौलीस आणि १९०७ साली कुन्नूरला पाश्चर संस्था निघाल्या. पुढे गावोगावच्या दवाखान्यांतून मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस मिळू लागली. पोटात चौदा सुया! वडीलधाऱ्या मंडळींपैकी कित्येकांनी त्या घेतल्या असतील किंवा घेताना पाहिल्या असतील. त्या लसीचे उत्पादन आपल्याकडे २००४ च्या अखेरीस बंद झाले. आजची लस दंडात टोचतात, मोजक्या वेळा टोचतात आणि ती फार सुरक्षित आहे. तरीसुद्धा पोटातल्या चौदा सुयांची भीती लोकांच्या मनातून गेलेली नाही. तीपायी चावा लपविणारी मुले आणि झाकून नेणारे आईबाप आजही भेटतात. ती भीती टाकून द्या, असे मी हात जोडून सांगतो.

येथे कोणी चिकित्सक श्रोता विचारील, "अहो, रेबीजचे मूळ कुत्र्यांत. मग मांजराला सुया कशाला?" शंका रास्त आहे. हा रोग आपल्या देशात कुत्र्यांमध्ये फिरत राहतो. मांजर त्याचा बळी होते, पण मांजरांमांजरांत तो स्वतंत्रपणे टिकून राहत नाही. गोव्याने मोठ्या प्रमाणावर कुत्र्यांना लस टोचली. सलग तीन वर्षे माणसात एकही रुग्ण न आढळल्यावर जून २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर करण्यात आले. शंभरातील सत्तर कुत्र्यांना लस दिली की साखळी तुटते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा ठोकताळा आहे. तेव्हा गावाचे काम कुत्र्यांपासून सुरू होते, यात वाद नाही. परंतु ते काम पुरे होईपर्यंत दिवसा गल्लीत आणि रात्री आपल्या पांघरुणात असणारा प्राणी कोणता? गल्लीतला रोग घराच्या उंबऱ्याआड आणू शकेल असा दुवा कोणता? कुत्र्याला आपण उंबऱ्याबाहेर थांबवितो. मांजराला थांबविणारा अजून जन्मावयाचा आहे.

आता केवळ मांजरांचे रोग. त्यांत तीन मुख्य. पहिला पॅनल्युकोपेनिया. नाव अवजड आहे. अर्थ एवढाच की, रक्तातल्या पांढऱ्या पेशी, म्हणजे शरीराचे शिपाई, जवळजवळ नाहीसे होतात. मांजर खाणे टाकते, ओकते, हगवण लागते, पाण्याच्या भांड्याशी मान टाकून बसते आणि दोन-चार दिवसांत जाते. गल्लीतली पिले एकामागून एक गेली की लोक म्हणतात, कोणी विष घातले. पुष्कळदा विष घातलेले नसते. हा रोग असतो. याचा विषाणू फार चिवट. घरात, गोणपाटात, टोपलीत तो वर्षभरही टिकतो. साध्या साबणाने हटत नाही. कपडे धुण्याच्या ब्लीचसारखे जालीम द्रव्य लागते. १९७८ साली जगभर कुत्र्यांत जो पार्वो नावाचा रोग पसरला, तो याचाच जवळचा भाऊबंद.

दुसरा आणि तिसरा हे नाकाडोळ्यांचे रोग. एक नागिणीच्या जातीच्या विषाणूचा, दुसरा कॅलिसी नावाच्या विषाणूचा. शिंका, डोळ्यांना चिकटा, जिभेवर फोड. मांजर वासावर जेवते. नाक चोंदले की त्याचे अन्न सुटते आणि ते खंगते. या तिन्ही रोगांविरुद्ध मिळून एकच लस असते. तिला डॉक्टर तीन-रोगांची लस म्हणतात. रेबीजची लस वेगळी.

एवढी प्रस्तावना झाल्यावर आपण मुख्य प्रश्नाशी येतो. मोठ्या मांजराला पहिली लस आता टोचण्यात अर्थ आहे काय?

लोक म्हणतात, "पाच वर्षे काही झाले नाही, आता काय होणार?" याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. गल्लीत वाढलेल्या मांजराने एखादा रोग लहानपणी अंगावर काढून पचविलेला असतो, आणि त्याविरुद्ध त्याच्या अंगी बळ आलेले असते, हे खरे. पॅनल्युकोपेनियाने मोठ्या मांजरांपेक्षा पिलेच अधिक दगावतात, हेही खरे. परंतु कोणत्या मांजराने कोणता रोग पचविला, हे त्याच्या कपाळावर लिहिलेले नसते. पचविला असला आणि लस टोचली, तर बिघडत काहीच नाही. पचविला नसला आणि लस टोचली नाही, तर बिघडावयाचे ते सारे बिघडते. आणि रेबीजच्या बाबतीत तर "पचविला असेल" या विचाराला थाराच नाही. तो रोग पचत नाही.

उलट, मोठ्या मांजराची एक सोय आहे. पिलाच्या अंगात आईच्या दुधावाटे आलेले संरक्षण असते. ते चांगलेच, पण ते लसीलाही आड येते. आईने दिलेले कवच केव्हा उतरेल याचा नेम नसतो. म्हणून पिलांना सहा-आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांचे होईपर्यंत पुन्हा पुन्हा टोचावे लागते. मोठ्या मांजरात ते कवच कधीच ओसरलेले असते आणि त्याचे स्वतःचे शरीर लसीला जाब द्यावयास तयार असते. म्हणून त्याला सुया कमी लागतात. उशीर झाला असे वाटते, तेथेच काम सोपे झालेले असते.

क्रम असा आहे. पूर्वी काय टोचले याची माहिती नसेल, तर काही टोचलेले नाही असे धरावयाचे. तीन-रोगांच्या लसीची एक मात्रा. तीन ते चार आठवड्यांनी दुसरी. पहिली मात्रा शरीराला शत्रूची तोंडओळख करून देते, दुसरी ती पक्की करते. दुसरी चुकविली तर पहिलीचे काम कच्चे राहते, विशेषतः नाकाडोळ्यांच्या रोगांबाबत. रेबीजची लस एकदा टोचावयाची. ती टोचली त्या दिवसापासूनच संरक्षण मिळाले असे नव्हे. पुरते बळ येण्यास तीन-चार आठवडे लागतात. एक वर्षाने दोन्ही लसी पुन्हा. त्यापुढे रेबीजची लस तिच्या बाटलीवर सांगितलेल्या मुदतीप्रमाणे. आपल्याकडे बहुधा दरसाल टोचतात. तीन-रोगांच्या लसीचे पुढचे अंतर मांजर घरातच असते की गल्ली हिंडते, हे पाहून पशुवैद्य ठरवितात. घरात राहणाऱ्याला तीन वर्षांनी पुरते. हिंडणाऱ्या मांजराला लवकर लागते.

लस निरोगी मांजरालाच टोचावी. ताप असेल, हगवण असेल, खाणे सोडलेले असेल तर आधी तो आजार बरा करावयाचा. मांजराचे अंग माणसापेक्षा स्वभावतःच गरम असते. साधारण शंभर ते एकशे दोन अंश फॅरनहाइट हा त्याचा ताप नव्हे. मांजर गाभण असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. जिवंत विषाणूची लस गाभणपणी टोचीत नाहीत, पोटातल्या पिलांच्या मेंदूला इजा होऊ शकते. जंतांचे औषध आधी दिलेले असले म्हणजे बरे.

आता सर्वांत अवघड भाग. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधावी, हा उंदरांपुढचा जुना प्रश्न. मांजराला टोपलीत कोणी घालावे, हा आपल्यापुढचा नवा. त्याला युक्ती एकच, आणि तिला आठवडाभर लागतो. झाकणाची टोपली किंवा जाळीची पेटी दवाखान्याच्या दिवशी माळ्यावरून काढू नये. आठ दिवस आधी ती ओसरीच्या कोपऱ्यात उघडी ठेवावी. आत जुने लुगडे घालावे आणि मांजराचे खाणे तिच्यातच ठेवावे. पहिल्या दिवशी ते लांबून पाहील, तिसऱ्या दिवशी मान आत घालील, सहाव्या दिवशी त्यात झोपेल. मग जाण्याच्या दिवशी झाकण तेवढे लावावयाचे. पाठीमागे पळून, पोत्यात कोंबून नेलेले मांजर स्वतः घाबरते, दुसऱ्याला चावते आणि पुढच्या खेपेला हाती लागत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या उन्हाची. वैशाखात आपल्याकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो. अशा दिवसांत मांजराला दुपारी मोटारीत किंवा फटफटीवर घालून खामगावास अथवा अकोल्यास नेणे म्हणजे लसीआधीच त्याचा जीव धोक्यात घालणे. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागले, तर तो उन्हाचा तडाखा समजावा. जावयाचे ते सकाळी. आणि लसीलाही ऊन सोसत नाही. ती दोन ते आठ अंश सेल्सियसमध्ये राहिली तरच जिवंत आणि कामाची राहते. औषधाच्या दुकानातून बाटली घेऊन खिशात घालून दवाखान्यात नेली, तर मांजराला सुई लागेल, पण लस लागणार नाही. म्हणून लस दवाखान्यातल्या शीतपेटीतलीच टोचावी, आणि स्वतः घेऊन जाण्याची पाळी आलीच तर बर्फाच्या थर्मासमध्ये न्यावी. अकोल्यास स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे, हे आपल्या भागाचे भाग्य. गुरांच्या दवाखान्यात जातानाही आधी विचारून जावे. मांजराची तीन-रोगांची लस प्रत्येक ठिकाणी ठेवलेली असतेच असे नाही.

लस टोचल्यावर अर्धा तास तेथेच थांबावे. तोंडावर सूज, एकसारख्या ओकाऱ्या, धाप असे काही झाले तर ते क्वचित होते, पण लगेच होते; डॉक्टर समोर असले की उपाय करता येतो. घरी आल्यावर मांजर एक-दोन दिवस सुस्त राहते, थोडे कमी खाते. ते साहजिक आहे. या वेळी एक गोष्ट मात्र मुळीच करू नये. अंग गरम लागते म्हणून माणसाची तापाची गोळी, पॅरासिटामॉल, देऊ नये. अर्धी नाही, पाव नाही. ती मांजराला विष आहे. मांजराच्या शरीरात तिचा निचरा करण्याची सोयच नाही, आणि प्रेमाने दिलेल्या एका गोळीने धडधाकट मांजर मरते.

टोचल्या जागी गाठ येते. ती बहुधा काही आठवड्यांत विरते. फार क्वचित, हजारो मांजरांत एखाद्यास, अशा जागी पुढे वाईट गाठ होते. १९९१ पासून वैद्यांना हे ठाऊक आहे आणि ते लपविण्याचे कारण नाही. म्हणून अनेक डॉक्टर मानेऐवजी पायात खालच्या बाजूस टोचतात. आपण हिशेब ठेवावयाचा तो असा: गाठ तीन महिने राहिली, दोन सेंटिमीटरहून मोठी झाली किंवा महिन्यानंतरही वाढतच राहिली, तर दाखवावी. एवढ्या दुर्मीळ भीतीपायी रेबीजची लस सोडणे म्हणजे विंचवाच्या भयाने सापाच्या बिळाशेजारी निजणे होय.

लसीने काय साधत नाही, हेही सांगितले पाहिजे. जो रोग अंगात आधीच शिरला आहे, तो लसीने परतत नाही. नाकाडोळ्यांच्या रोगांची लस रोगाचा जोर मोडते. एखादी शिंकसुद्धा येणार नाही, अशी हमी देत नाही. आणि काही रोगांविरुद्ध आपल्या हाती लसच नाही. जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या मध्य प्रदेशात छिंदवाड्यास मांसबाजाराच्या परिसरातील मांजरांत बर्ड फ्लू आढळला. त्याआधीच्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात याच रोगाने तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. वाघाची मावशी म्हणून आपण मांजराचे कौतुक करतो. हे नाते रोगालाही ठाऊक आहे! तेव्हा कोंबडीचे कच्चे तुकडे मांजराला घालू नयेत, शिजवून घालावेत. येथे सुई नाही, चूल हाच उपाय.

आणि मांजराला लस टोचलेली असली तरी त्याने माणसाला चावले किंवा रक्त निघेल असे ओरबाडले, तर बेफिकीर राहू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून पंधरा. आपल्या अंदाजाची पंधरा मिनिटे दोन मिनिटांत संपतात. हळद, चुना, तिखट, तेल यांपैकी काहीही चोळू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. डॉक्टर जखमेची प्रत पाहून लस आणि जरूर तर प्रतिद्रव्याची सुईही देतील. सांगितलेल्या तारखा एकही चुकवू नये. मांजराला मारू नये, हाकलू नये. दहा दिवस नजरेखाली ठेवावे. दहा दिवस ते धड राहिले, तर चावले त्या वेळी त्याच्या लाळेत रोग नव्हता असे समजते. परंतु ते दहा दिवस संपण्याची वाट पाहत आपले उपचार थांबवावयाचे नाहीत.

शेवटचा प्रश्न उरला, आणि मला वाटते तोच खरा प्रश्न आहे. मांजर कोणाचे? कुत्र्याला मालक असतो किंवा नसतो. मांजराची गोष्ट मधलीच. सकाळी एका घरी दूध, दुपारी दुसऱ्या घरी भाकरी, रात्री तिसऱ्याच्या माळ्यावर पिले. उंदीर मारले की ते आमचे. दुधाला तोंड घातले की शेजाऱ्यांचे. आणि लसीचे पैसे द्यावयाची वेळ आली की कोणाचेच नाही! मांजर मारले तर काशीस सोन्याचे मांजर द्यावे लागते, असे आपल्याकडे म्हणत आले. मारण्याचे पाप आपण मोजले. सांभाळण्याचे कर्तव्य मात्र कोणाच्या नावावर लिहिले नाही.

पुणे महानगरपालिकेने नोव्हेंबर २०२२ मध्ये मांजर पाळणाऱ्यांनाही परवाना घ्यावयास लावण्याचा निर्णय केला. वर्षाला पन्नास रुपये आणि सोबत रेबीजच्या लसीचा दाखला. यावर वर्तमानपत्रांतून थोडा विनोद झाला. विनोद बाजूला ठेवला तर त्यातले तत्त्व सरळ आहे: ज्याचे आहे त्याने ते कबूल करावे आणि त्याला लस टोचावी. मोठ्या शहरात हे कागदाने होईल. आपल्यासारख्या गावात ते गल्लीने झाले पाहिजे. ज्या मांजराला तीन घरे खाऊ घालतात, त्याची लस तीन घरांनी वर्गणीने टोचावी. एका घराने टोपली द्यावी, एकाने सकाळी नेऊन आणावे, एकाने कार्ड जपून ठेवावे. कार्डावर मांजराचा रंग, लसीचे नाव, तारीख आणि पुढची तारीख असावी. कारण दोन वर्षांनी कोणालाच काही आठवत नाही. जमल्यास त्याच सुमारास नसबंदीचाही विचार करावा. म्हणजे दर पावसाळ्यात पोत्याच्या आड जन्मून मरणारी पिले कमी होतील.

यासाठी दिवसही सुचवितो. २८ सप्टेंबर हा लुई पाश्चर यांचा स्मृतिदिन. १८९५ साली ते त्या दिवशी वारले. हाच जागतिक रेबीज दिन म्हणून पाळतात आणि अनेक ठिकाणी त्या दिवशी लसीची शिबिरे भरतात. पावसाळा ओसरत आलेला असतो, ऊन सोसण्यासारखे असते. आपल्या शेगावात बाराही महिने बाहेरगावची हजारो माणसे येतात. त्यांच्या जेवणाखाणाभोवती कुत्री-मांजरे जमतात आणि त्यांतूनच त्यांची लेकरेबाळे वाट काढीत असतात. तेव्हा ही काळजी आपल्यापुरती नाही. पाहुण्यांच्याही वाट्याची आहे. आज वैशाख आहे. सप्टेंबरला चार-पाच महिने आहेत. तेवढ्या अवधीत प्रत्येक गल्लीने आपली मांजरे मोजावी. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमरावतीच्या त्या सिव्हिल सर्जनाने ती मोजविली, तेव्हा ती आपल्या किती उपयोगाची आहेत हे पाहावयाचे होते. या वेळी आपण त्यांच्या किती उपयोगी पडलो, ते मोजून पाहू.